उपवासाच्या मुलखात

गुरुवारी बायको उकडलेले बटाटे सोलायला बसली की मला अंबादासभाऊ आठवतात. उपवास तिचा असतो आणि निम्मं फराळाचं मी खातो, ही आमच्या घरची जुनी रीत. पण हल्ली बटाटा हातात घेतला की तो लगेच तोंडात जात नाही. जरा फिरवून बघितला जातो. हा कुठल्या डोंगरावरून निघाला असेल, असलं काहीतरी मनात येतं. बायको विचारते, किडका आहे का? मी म्हणतो, नाही, चांगला आहे. अंबादासभाऊंना जाऊन आता वर्ष होईल.

अंबादास सोनटक्के चाकणला आमच्या कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर होते. मोटारींचे पत्रे ज्या साच्यांत दाबून काढतात, ते साचे आम्ही करायचो. आमच्याकडे त्याला डाय म्हणतात. डायचे दोन भाग, वरचा आणि खालचा. ते एकमेकांवर असे बसावे लागतात की मध्ये कुठे फट राहू नये आणि कुठे टोचूही नये. यातलं बरंचसं मशीन करतं, शेवटचं हातानं करावं लागतं. एका भागाला निळा रंग पातळ चोळायचा, दुसरा भाग त्यावर उतरवायचा, उचलायचा आणि रंग कुठे लागलाय ते बघायचं. लागलाय तिथे उंचवटा. तेवढा घासायचा, पुन्हा रंग, पुन्हा उतरवायचं. याला ब्लू लावणं म्हणतात. भाऊंनी आयुष्यभर हेच केलं. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या आणि डब्यातली भाकरी ते दोन बोटं वर धरून मोडायचे.

ते मूळचे भूम गावाकडचे. चिंचवडला येऊन जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. टूलरूममध्ये कुणाचं भांडण होवो, कुणाच्या मुलीचं स्थळ मोडो, भाऊंचा सल्ला एकच. "आधी ब्लू लाव, मग बोल." म्हणजे नक्की कुठे टेकतंय ते आधी बघ. दुसरं एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "बसवायचं, कोंबायचं न्हाई." हे ते डायला म्हणत, कंपनीच्या बसमध्ये चौथा माणूस सीटवर टेकायला लागला की त्यालाही म्हणत. आम्ही नवे होतो तेव्हा त्यांच्या नकला करायचो. नंतर आमच्याही तोंडी तेच यायला लागलं आणि नकला आपोआप थांबल्या.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर, पोरं शाळेत, नातेवाईक ऑफिसात आणि आपण घरी. या गुरुवारचं काय करायचं हा प्रश्न मी झोपून सोडवायचो. भाऊ गडावर जायचे. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, जवळचे सगळे. त्यांच्या नादानं आम्ही चौघं जायला लागलो, मग एकेक गळत मी एकटाच उरलो. मला डोंगराची हौस कधीच नव्हती. पण रविवारी जिथे जत्रा असते तिथे गुरुवारी चिटपाखरू नसतं, नुसता वारा असतो, तटावरून ढगांच्या सावल्या सावकाश सरकत असतात. त्याची मला सवय लागली.

भाऊंबरोबर गड चढणं म्हणजे मात्र परीक्षा. हा माणूस माथ्यावर जायला निघालाय असं वाटायचंच नाही. तटाला हात लावून चालायचे. एखाद्या सांध्यापाशी थांबायचे, बोट फिरवायचे, मागे सरून बघायचे, पुन्हा बोट. मी वर जाऊन, पाणी पिऊन, एक डुलकी काढून खाली आलो तरी हे आपले त्याच बुरुजापाशी. एवढं काय बघता, असं विचारलं की म्हणायचे, कुणी बसवलाय ते बघतोय. जसा काही तो बसवणारा दगडाआडून बाहेर येऊन रामराम करणार होता.

गुरुवार दत्ताचा, म्हणून त्यांचा उपवास असायचा. वडिलांपासून चालत आलेला. कमलवहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी असा डबा द्यायच्या. पण डबा नसला तर भाऊ निरंकार राहायचे, मागायचे नाहीत. एकदा गुरुवारी आमच्या मुलाचा वाढदिवस आला. भाऊ आले, सगळ्या पंगतीला हौसेनं वाढलं आणि जेवायला बसा म्हटलं की म्हणायचे, मी मागाहून बसतो. असं करत करत ते चपला घालायला लागले तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणाली, अहो, उपवास आहे हे सांगायचं तरी, माझ्यात चार बटाटे जास्त टाकले असते. भाऊ ओशाळले. "दुसऱ्याच्या चुलीला आपला उपवास सांगू नये, वहिनी," म्हणाले. त्यांच्या आईची ही शिकवण होती. मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटला होता, आजही थोडा वाटतो.

एका परदेशी कंपनीचं कॅलेंडर टूलरूममध्ये भिंतीला लागायचं. एका वर्षी त्यात जगातली जुनी बांधकामं होती. महिना बदलला, कुणीतरी पान उलटलं आणि भाऊ त्यापुढे उभे राहिले ते उभेच. पेरू देशातल्या उंच डोंगरातलं, इंका लोकांचं ओसाड पडलेलं गाव, माचू पिचू. त्यातली गोल वळत गेलेली एक भिंत. खाली ओबडधोबड कातळ, आणि त्या कातळाच्या अंगावर वरचे दगड असे उतरवलेले की कातळ कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळू नये. मध्ये चुना नाही, माती नाही. भाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे ब्लू लावून बसवलंय," ते म्हणाले.

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. महिना संपल्यावर त्यांनी ते पान कापून आपल्या हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्यांची मुलगी अश्विनी तेव्हा शिकत होती, तिनं कुठूनतरी शोधून सांगितलं की दगड उतरवायचा, उचलायचा, कुठे दाबला गेलाय ते बघायचं, तेवढाच ठोकायचा आणि पुन्हा उतरवायचा, असंच ती माणसं करत असावीत असं काही जाणकार म्हणतात. भाऊंनी नुसती मान हलवली. गावाकडच्या कुणा ओळखीच्या माणसाची खुशाली कळावी, तशी.

पुढे काही वर्षांनी डोळ्यांचं सुरू झालं. डावीकडून येणारी ट्रॉली त्यांना दिसेना. तिकोन्याच्या पायऱ्यांवर एकदा डावा पाय हवेत पडला, मी दंड धरला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, औषध घालून उरलेली राखायची, ती किती दिवस राहील ते सांगता येत नाही. डाव्या कडेनं सुरू झालेला अंधार सावकाश मध्याकडे सरकत चालला होता. दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते कपाटापाशी उभे होते आणि कपाटाचं दार उघडं होतं.

"बाजू मिटत आल्यात रं," ते म्हणाले. "मधलं हाय तवर ती भिंत बघायची."

अश्विनी एव्हाना हिंजवडीत चांगल्या नोकरीला होती, मारुंजीला राहत होती. तिनं सगळं मनावर घेतलं. आगगाडी जवळपर्यंत जाते, पुढे बस थेट फाटकाशी सोडते, असा तिचा सरळ बेत होता. भाऊंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, मी चालत जाणार. डोंगरातून इंकांची जुनी फरसबंदी वाट आहे, चार दिवसांची, त्या वाटेनं. अश्विनी रडली, भांडली. भाऊ म्हणाले, गाडीच्या डब्यातून उतरून एकदम त्या भिंतीपुढं उभं राहायचं, हे कोंबल्यागत होतंय. एका संध्याकाळी कमलवहिनी आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या डाव्या बाजूला तुमी ऱ्हावा." तेवढंच. तिकोना चढताना तीनदा बसणारा मी, असा पेरूला निघालो.

ते दिवस मला नीट सांगता येत नाहीत. कधी कधी वाटतं, मी विसापूरच्या तटावर झोपलो होतो आणि सगळं तिथेच पाहिलं. भाऊंनी खिशात फीलर गेजची एक पात घेतली होती. फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पोलादी पात्या. त्यातली ही सगळ्यात पातळ, कागद जाड वाटावा अशी. ती त्या भिंतीच्या सांध्यात शिरते का हे त्यांना बघायचं होतं. वहिनींनी दिलेले लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या मात्र तिकडच्या विमानतळावर काढून घेतल्या, बाहेरचं बी-बियाणं आत न्यायला बंदी होती. भाऊंनी डबा दोन्ही हातांनी त्या अधिकारी बाईपुढे धरला. तिला सांग घरचं हाय, खाऊन बघ म्हणावं, असं मला म्हणाले. मी ते सांगितलं नाही.

वाट सुरू झाली आणि ढग आमच्या खाली गेले. एका अंगाला खोल दरी, समोर बर्फाचे डोंगर, इतके शांत की आपण बोललो तर त्यांची झोप मोडेल असं वाटावं. पायाखाली दगडी पायऱ्या. भाऊ उजवा हात डोंगराला लावून आपल्या गुरुवारच्या चालीनं चालत होते आणि मी डावीकडे, दरीच्या बाजूला. बरोबरची तरुण मंडळी तरातरा पुढे जायची आणि वळणावर धापा टाकत बसलेली सापडायची. भाऊ त्यांना हात करून पुढे व्हायचे. वाटेत पडक्या चौक्या लागल्या, डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची, गवत वाढलेली शेतं लागली. प्रत्येक सांध्यापाशी त्यांचं थांबणं होतंच. आमचा वाटाड्या फ्रेदी नावाचा हसरा तरुण होता; त्याला वाटलं म्हातारबुवांना दम लागतोय. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की नाही, ते ओळखपाळख काढतायत.

दुसरा दिवस सगळ्यात उंच खिंडीचा, आणि तोच नेमका गुरुवार होता. सकाळी स्वयंपाक्यानं पाव, अंडी, कसलीशी लापशी पुढे ठेवली. भाऊंनी नुसता पाल्याचा चहा घेतला आणि पोट भरल्यासारखी मान हलवली. मी बटाट्याचं विचारू का म्हटलं तर डोळे वटारले. दुसऱ्याची चूल होती ना. गुरुवारी उपाशीपोटी डोंगर चढायची त्यांना सवय होती, पण ते डोंगर आपले होते. इथे नुसती बुटाची नाडी बांधली तरी छाती भरून येत होती. खिंड वर दिसायला लागली आणि भाऊ एका दगडावर बसले. उठेनात. ओठ त्यांच्या नखांसारखे निळसर झाले होते.

फ्रेदीनं नाडी बघितली, हसणं थांबवलं आणि मला बाजूला घेतलं. यांनी काल रात्रीनंतर काही खाल्लेलं नाही, तो म्हणाला. आता खाल्लं तर पुढे, नाहीतर इथूनच एक माणूस देऊन खाली पाठवतो. खाली म्हणजे परत. भिंत कायमची गेली, हे मला कळत होतं आणि भाऊंनाही. तरी ते पाव घेईनात. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग आला होता. मी म्हणालो, भाऊ, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगतो. आणि फ्रेदीला सांगून टाकलं की आज यांच्या देवाचा वार आहे, हे धान्य खात नाहीत.

मग खातात तरी काय, त्यानं विचारलं. मी बोटं दुमडत सांगत गेलो. बटाटा. रताळं. शेंगदाणे. मिरची चालते. आणि एक बारीक दाणा असतो, त्याच्या लाह्या होतात.

फ्रेदी माझ्याकडे बघत राहिला. त्यानं स्वयंपाक्याला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. स्वयंपाकी वयस्क होता, भाऊंच्याच वयाचा. तो आधी हसला, मग हसायचा थांबला आणि पोती सोडायला लागला. आपली पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी त्यानं भाऊंपुढे अंथरली आणि तिच्यावर एकेक मांडत गेला. उकडलेले लहान जांभळे बटाटे. गार रताळं. भाजलेले शेंगदाणे. मिरचीचा ठेचा. आणि शेवटी मधात बांधलेली लाह्यांची वडी. राजगिरा. डोळे मिटून हातात दिली असती तरी मी ओळखली असती.

हे सगळं इथलंच आहे, फ्रेदी सांगत होता. या डोंगरांतलं आणि खालच्या रानातलं. इथूनच जगभर गेलं. तुमचा साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही खालच्या जंगलात होतो. मी ऐकत होतो आणि मला भूममधल्या, चिंचवडमधल्या सगळ्या गुरुवारांची ताटं दिसत होती. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्याच्यावर देवाचा वार काढला, ते सगळं एका घोंगडीवर मांडलेलं होतं.

स्वयंपाक्यानं काहीतरी विचारलं. फ्रेदी म्हणाला, "ते विचारतायत, तुमचा देव कधी इकडे येऊन गेला होता का?"

मी ते भाऊंना सांगितलं. भाऊंनी वडी उचलून कपाळाला लावली.

"आला असंल," मग म्हणाले. "आंघोळ काशीला, भिक्षा कोल्हापुरात, निजायला माहूर. तेवढा हिंडता हाय त्यो. वाटंत हिकडं वळला असंल."

मग त्यांनी एक बटाटा घेतला, थांबले आणि हळूच मला विचारलं, "जांभळा चालतो का रं?" मी म्हणालो, रताळं चालतं तर हा का नाही? ते खाताना स्वयंपाकी समोर उकिडवा बसून होता. त्याचं काही आमच्याकडे आलं होतं, आमचं काही त्याच्याकडे गेलं होतं, असं दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. तासाभरानं भाऊ उठले आणि आम्ही खिंड ओलांडली. पलीकडे ढग एवढे दाट होते की खाली उतरणं पोहण्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी सूर्यदरवाजा. डोंगराच्या धारेवर दगडी चौकट आहे, तिथून ते गाव पहिल्यांदा दिसतं आणि मग तासाभराचा उतार. आम्ही पोचलो तेव्हा पुढे नुसतं पांढरं होतं. धुकं. डोंगर नाही, गाव नाही, स्वतःचे बूटसुद्धा पुसट. फोन वर धरून सगळे खट्टू होऊन उभे होते. इथवर आणून हे. भाऊ मात्र चौकटीला पाठ लावून स्वस्थ बसले होते.

"आज समद्यांस्नी माज्यागत दिसतंय," ते म्हणाले.

खाली उतरून त्या वळत्या भिंतीपुढे उभे राहिलो तरी धुकं होतंच. हात लावायला मनाई, कुणी लावला तर रखवालदार शिट्टी मारायचा. भाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. माणसं आली, थोडं थांबली, गेली. फ्रेदी घड्याळ बघायला लागला. एकाएकी समोर धुकं फाटलं. फार नाही, जेवायच्या ताटाएवढं. आणि त्या ताटात, कातळ जिथे संपतो आणि दगड सुरू होतो, बरोबर तेवढीच जागा होती. ओली, काळसर, चमकणारी. मी बोट दाखवणार होतो, पण भाऊ तिथेच बघत होते. बाकीचे पुटपुटत होते की एवढंसंच दिसलं.

"माज्या मापाचं फाटलं बघ," भाऊ म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मला तेवढंच दिसतं. पुरं झालं."

धुकं पुन्हा मिटलं. निघताना मी गेजची आठवण करून दिली. त्यांनी खिशावर हात ठेवला, पात तिथेच होती. काढली नाही. म्हणाले, दुसऱ्याच्या घरी येऊन गेज लावतात का?

परत आल्यावर नजर झपाट्यानं गेली. त्यांनी काम सोडलं आणि दोघं मारुंजीला अश्विनीकडे राहायला गेली. कपाटाच्या दारावरचं पान न्यायला ते विसरले असं वाटून मी फोन केला, तर म्हणाले, असू दे, तिथं कामाला येईल कुणाच्या तरी.

त्यांना शेवटचं पाहिलं तो गुरुवार होता. बायकोनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन मी मारुंजीला गेलो. कमलवहिनी म्हणाल्या, "चालाय गेल्यात, भितीच्या कडंनं. रोज जात्यात." मारुंजीत तेव्हा चहूकडे इमारती उठत होत्या आणि अशाच एका बांधकामाभोवती लांबच लांब सिमेंटची भिंत होती. तिच्या कडेनं भाऊ येताना दिसले. उजवा हात भिंतीला, काठी डाव्या बगलेत, डोळे मिटलेले. रस्ता सपाट होता, तरी पाऊल जरा जास्त वर उचललं जात होतं, मग जपून टेकत होतं. पायऱ्या चढताना उचलतात तसं. मी हाक मारणार होतो, पण मारवली नाही.

ट्रक आत जायच्या रुंद फाटकापाशी भिंत संपली. भाऊ थांबले. डोक्यावरची लोकरीची टोपी त्यांनी काढून हातात घेतली आणि आत तोंड करून उभे राहिले. आत अर्धवट इमारत, हिरवी जाळी, काँक्रीटचा फिरता मिक्सर. मी पाय न वाजवता त्यांच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो.

"आलास?" ते म्हणाले. "थांब जरा. धुकं हाय."

लख्ख ऊन पडलं होतं. मी थांबलो. मिक्सर फिरत होता, वरून कुणीतरी कुणाला दोरी सोड म्हणत होतं. आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग भाऊंचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"फाटलं बघ."

ते जिकडे बघत होते तिकडे मी बघितलं. "हो भाऊ," मी म्हणालो. "फाटलं."

त्यांनी टोपी घातली, हात पुढे करून फाटकापलीकडची भिंत चाचपली आणि आम्ही खाली उतरायला लागलो.